पंचवीस-तीस वर्षांनी वर्ग जमतो, तेव्हा जावं का? मी जात नाही

नदीपात्र

आमची बी.कॉम.ची १९९३ ची बॅच. कॉलेज पुण्यातलंच, नाव लिहीत नाही. डिसेंबरात परत जमायचं घाटतंय. पानशेतच्या बाजूला रिसॉर्ट, एक मुक्काम, माणशी साडेसहा हजार. ग्रुपवर धडाधड अंगठे उमटले. माझा उमटला नाही म्हणून काल रात्री दोघांचे फोन. "भाव खातोस का रे?"

भाव नाही. २०१८ ला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी गेलो होतो. डीपी रोडवरचं लॉन, दारात गुलाबपाण्याचा फवारा (आदल्या दिवशीच्या लग्नातला उरलेला असावा), आणि टेबलावर प्रत्येकाच्या नावाचा बिल्ला. माझ्या बिल्ल्यावर नाव नव्हतं. ठळक अक्षरांत छापलं होतं: 'पेपर'.

तर खुलासा. कॉलेजात असताना मी पेपरची लाईन टाकायचो. पहाटे साडेचारला गठ्ठे उचलायचे, रविवारी पुरवण्या भरायच्या, मग नारायण आणि शनिवार पेठेतली दीडशे घरं, सायकलवर. पहिलं लेक्चर सात वीसला. मी पोचायचो साडेसातला, बोटांना शाई तशीच. त्यावरून 'पेपर'. एस.वाय.ला कॉस्टिंग राहिलं तेव्हा 'पेपर फुटला, पेपर फुटला' म्हणत अख्ख्या वर्गाने बाकं बडवली. बडवणाऱ्यांत तिघं माझ्या लाईनीतले. त्यातल्या एकाच्या घरचं दोन महिन्यांचं बिल थकलं होतं. मागायला दारात उभा राहिलो की तो आतूनच ओरडायचा, "बाबा, पेपर आलाय!" आणि वडील म्हणायचे, "टाकून जा म्हणावं."

बिल्ला घातला, जेवलो, फोटोत दुसऱ्या रांगेत उभाही राहिलो. कुणाच्या मनात वाईट नव्हतं हे मला दिसत होतं. पण घरी आल्यावर बायकोने बिल्ला वाचून विचारलं, "हे काय?" आणि बावीस वर्षांच्या संसारात तिला पहिल्यांदा ती लाईन सांगावी लागली.

ज्यांच्याशी जमत होतं त्या दोघांना मी आजही महिन्यातून एकदा भेटतो, गुडलकला बन मस्का खातो. बाकी शंभर जणांना मी का भेटावं? ज्याचं ते वय मजेत गेलं त्याने खुशाल पानशेतला जावं.

एकोळी

तुमचा त्रास बिल्ल्याचा आहे की वर्गणीचा, ते आधी ठरवा. लेखात साडेसहा हजार बिल्ल्याच्या आधी आलेत.

नदीपात्र

दोन्हीचा. पुण्यात चालतं.

हिशेबनीस

अशी दोन संमेलनं मी उभी केलीत (आमची बॅच १९९०), म्हणून जरा दुसरी बाजू.

तुम्हाला तो बिल्ला तयार मिळाला. त्याच्या आधी कुणीतरी सहा महिने माणसं हुडकलेली असतात. आमच्याकडे होती टी.वाय.ची एक यादी. पत्ते सगळे वाड्यांचे, फोन असलाच तर ०२१२ कोडचा, सहा आकडी. वाडे पडून तिथे इमारती झाल्या. मी स्वतः स्कूटरवर पेठांतून फिरलोय. खालच्या झेरॉक्सवाल्याला विचारायचं, "इथे पूर्वी अमुक राहायचे, कुठे गेले?" उत्तर ठरलेलं, "कोथरूडला." कोथरूडला कुठे, ते देवाला ठाऊक. मग ऑर्कुटवर पंधराएक सापडले, २०१४ ला ऑर्कुटच बंद पडलं. नंतर व्हॉट्सअॅपने सोपं केलं.

आणि पैशाचं म्हणाल, तर लॉनवाला ताटांचा आकडा आधी घेतो. आम्ही ऐंशी सांगितली, आली एकसष्ट. एकोणीस ताटांचे पैसे आम्ही चौघांनी भरले. न येणाऱ्यांचं कारण एकच: "अरे ऐन वेळी पाहुणे आले." टोपणनावांचं म्हणाल, तर बहुतेकांना तीच हवी असतात. एक बँकेतला मोठा अधिकारी माझ्यावर रुसला, बिल्ल्यावर 'बारक्या' का नाही लिहिलं म्हणून. आम्हाला कसं कळणार कुणाला काय टोचतं? तुम्ही २०१८ ला तिथल्या तिथे सांगितलंत का? नसेल, तर सात-आठ वर्षं राग धरून काय उपयोग?

पौडफाटा

नदीपात्र, तुमचं पटतंय आणि तरीही मी उलट बाजूची आहे.

माझं लग्न १९९५ चं. तबकातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं. आडनाव तर गेलंच, पहिलं नावही गेलं. सासरी, ऑफिसात, रेशनकार्डावर, सगळीकडे नवीनच. आई-वडील गेल्यावर जुन्या नावाने हाक मारणारा एक भाऊ राहिला. आमच्या वर्गाची शोधाशोध झाली तेव्हा मुलगे भराभर सापडले, एकतीस मुलींपैकी नऊ. बाकीच्या सापडणार कशा? यादीत माहेरचं नाव, फेसबुकवर सासरचं. मी सापडले ती भावाचं तुळशीबागेत दुकान आहे म्हणून. आमचा एक वर्गमित्र बायकोबरोबर तिथे पातेली घ्यायला गेला होता.

संमेलनात गेटपाशीच कुणीतरी मागून माझ्या जुन्या नावाने ओरडलं. मी वळलेच नाही. दुसऱ्या हाकेला कळलं, ही मी. सोबत सोडायला आलेला मुलगा म्हणाला, "आई, हे तुला काय म्हणतायत?"

तुम्हाला त्यांनी नाव नाकारलं, मला परत दिलं. म्हणून मी जाते. पण मुक्कामी ठेवू नका हो कुणी. आमच्या चार जणी केवळ 'रात्री राहायचं' म्हणून आल्या नाहीत. दिवसाचं ठेवलं, तर येतात.

हिशेबनीस

मुक्कामाचं मान्य. आमच्याकडेही तसंच झालं. तरी पुरुषमंडळी दर वेळी रिसॉर्टच काढतात. कारण सगळ्यांना माहीत आहे, लिहीत नाही.

एकोळी

बाटली.

तिरकी रेघ

संमेलनापेक्षा नंतरचा ग्रुप हा खरा छळ. पहिला आठवडा जुने फोटो. दुसऱ्या आठवड्यात एकाचा विमा, दुसऱ्याचे मुळशीचे प्लॉट, 'आपल्या माणसांसाठी खास दर'. मग निवडणूक. आमच्या ग्रुपात १९९२ साली एका बाकावर बसणारे दोघं आज एकमेकांशी बोलत नाहीत. तीस वर्षं भेटले नव्हते तोवर बरे मित्र होते. नदीपात्र यांना पाठिंबा.

डबल फूटबोर्ड

ग्रुपला नावं ठेवणाऱ्यांसाठी. एप्रिल २०२१. रेमडेसिवीरसाठी पुण्यात रांगा लागलेल्या, बेड नाही, वडिलांचा ऑक्सिजन ८६. मी रात्री पावणेबाराला डिप्लोमाच्या ग्रुपवर एक ओळ टाकली. ज्याच्याशी तीन वर्षांत कधी शब्द बोललो नव्हतो, तो भोसरीहून स्वतःच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी आणलेलं ऑक्सिजन मशीन टेम्पोत घालून दीड वाजता दारात हजर. त्याचं आडनाव मला नीट आठवत नव्हतं. वडील आज रोज तळजाईला चालायला जातात.

प्लॉटचे मेसेज मी बिनतक्रार वाचतो.

तिरकी रेघ

चांगलंच झालं. पण त्याला संमेलन लागत नाही, नंबर लागतो.

डबल फूटबोर्ड

नंबर संमेलनातच मिळाला होता.

एकोळी

या मुद्द्यावर मी गप्प. (नोंद घ्यावी.)

नदीपात्र

सगळ्यांचं वाचलं. फूटबोर्ड, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

हिशेबनीसांचा प्रश्न मात्र लागला. नाही, २०१८ ला मी काहीच बोललो नव्हतो. म्हणून आज दुपारी आमच्या संयोजकाला फोन केला. माणूस चांगला आहे, वर्गणीचा पै-पैचा हिशेब ग्रुपवर टाकतो. म्हटलं, "येणार की नाही ते अजून ठरवलेलं नाही, पण आलो तर बिल्ल्यावर 'पेपर' नको, माझं नाव टाक." तो हसला नाही, चेष्टाही केली नाही. लगेच म्हणाला, "सॉरी रे, तसं असेल तर बदलतो."

मग जरा थांबून म्हणाला, "एक मिनिट. तुझं नाव काय?"

त्याच्या फोनमध्ये मी 'पेपर' आहे. वर्गणीच्या यादीतही 'पेपर'. २०१८ चे माझे अठराशे रुपयेही 'पेपर' यांच्या नावाने जमा आहेत.

पौडफाटा

अगंबाई. मग?

नदीपात्र

सांगितलं. वडिलांच्या नावासकट.

हिशेबनीस

वर्गणी भरलीत का?

नदीपात्र

अजून नाही. आधी बिल्ल्याचा फोटो पाठव म्हटलंय.