ए विंग ग्रुप: जिना, मोटर आणि काकांचा खांदा

सविता काकू (२०३): जिन्यात पाणी कुणाचं, हे विचारून विचारून दमले. मंगळवारी हे घसरले, हात टेकला. तेव्हापासून उजवा हात वर जाईना. त्या कुशीवर झोपता येत नाही. एक्सरे नॉर्मल म्हणे.

अण्णा (१०१): फ्रोझन शोल्डर असणार वहिनी, खांदा आखडलाय. शुगर हाय की त्यांना. हाडवैद्याकडं चोळून घ्या.

कुलकर्णी सर (१०४): टाकी भरली की मोटर बंद करावी, ही नम्र विनंती.

मेघा फिजिओ (४०१): काकू, चोळू नका! एक्सरेत हाड दिसतं, खांद्याचे स्नायूबंध नाही दिसत. काकांचा हात तुम्ही धरून उचलला तर वर जातो का?

सविता काकू: जातो की. सोडला की धपकन खाली.

मेघा: मग रोटेटर कफ (तेच खांद्याचे स्नायूबंध) फाटलेला असू शकतो. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्यानं उचलला तरी हात अडतो. हाडांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा. सोनोग्राफी नाहीतर एमआरआय सांगतील.

अण्णा: आणि पुढं ऑपरेशन. ठरलेलंच असतंय वो.

मेघा: माझं पोट ऑपरेशन टळण्यावरच चालतं अण्णा 😄 अर्धवट फाटलं असेल, वयानं झिजलं असेल, तर बहुतेकांचं व्यायामावर भागतं. पडून पूर्ण तुटलं असेल तर थांबू नये. स्नायू आत ओढला जातो, त्यात चरबी भरते, मग शिवणं अवघड.

महेश (३०२): म्हणजे यंदा सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत काका नंदीध्वजाची जड काठी उचलणार नाहीत 😂

सविता काकू: महेश, तू पाण्याच्या दिवशी बादल्या उचल.

महेश: उचलतो काकू 🙏

कुलकर्णी सर: टाकी भरली की मोटर बंद करावी, ही नम्र विनंती.

सविता काकू: सर, मोटर बंद करून यांचा हात वर जाणारे का?

कुलकर्णी सर: रोख तुमच्याकडे नव्हता वहिनी. मोटरची चावी कुणाकडे असते, सर्वांना ठाऊक आहे.

अण्णा: नाव घ्या की सर.

सविता काकू: भांडा नंतर. मेघा, एकानं स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय.

मेघा: त्यानं दुखणं दबतं, तुटलेलं जुळत नाही. आधी तपासणी. ऑपरेशन लागलंच तर दुर्बिणीतून होतं, पण हात ४ ते ६ आठवडे पट्ट्यात. पुढं महिनोन् महिने व्यायाम. तो मी करून घेईन.

सविता काकू: उद्या ९:३० ला डॉक्टरांनी बोलावलंय. रिक्षात धक्के बसतील.

अण्णा: रिक्षा कशाला? माझी गाडी हाय. ९ ला खाली या. चावी सरांकडं ठेवून जातो, बंद करू द्या त्यांना मोटर.

कुलकर्णी सर: माझे गुडघे दुखतात. महेशकडे द्यावी.