मदत हवी आहे: परदेशात वजन आटोक्यात कसं ठेवायचं? (लवकर सांगा प्लीज)

तिखटमीठ
सात महिने घासून साडेदहा किलो उतरवलंय. आता बाहेर आलेय आणि चार दिवसांत २.३ किलो वाढलंय. चार दिवसांत! डोकं फिरलंय. जेवण फार नाही, चालणंही होतंय. घरी सगळं बसलं होतं, इथे काही धड मिळतच नाही. ज्यांनी बाहेर राहून वजन टिकवलंय त्यांनीच सांगा. 'पाणी प्या, लिफ्ट टाळा' नको, ते करून झालंय. उद्या सातला निघायचंय, तोवर काहीतरी सुचवा.

बॅगवाला_बंड्या
एअरलाइनवर अवलंबून आहे. बऱ्याच ठिकाणी २३ किलोची एक बॅग असते, काही तिकिटांवर दोन. घरी हुकाचा काटा घेऊन ठेवा, दाराच्या कडीला लटकवून बॅग तोलायची. जाड जॅकेट आणि बूट अंगावर घालून जावं, ते कोणी मोजत नाही.

तिखटमीठ
अंगाचं वजन हो दादा.

बॅगवाला_बंड्या
अच्छा. मग माझा उपयोग नाही. जॅकेटचं मात्र परतताना लक्षात ठेवा.

अंबाडी
'बाहेर' म्हणजे कुठे? दुबई की डेन्मार्क? किती दिवस? व्हेज का नॉनव्हेज? स्वयंपाकघर आहे की हॉटेल? उंची, वजन? यातलं एकही लिहिलेलं नाही आणि सातच्या आत उत्तर हवंय.

तिखटमीठ
जर्मनी. स्टुटगार्ट, फायहिंगेन भागात. ऑफिसचं काम, सहा आठवडे. हॉटेल. किचन नाही, किटली आहे आणि खेळण्यातला वाटावा एवढा फ्रिज. व्हेज, अंडं चालतं. १५८ सेंमी. ८१ वरून ७०.५ वर आले होते, आज ७२.८. झालं समाधान?

दोनवेळा_बास
सोप्पं आहे. डॉ. दीक्षितांची पद्धत धरा. कडकडीत भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, ५५ मिनिटांत जेवण आटपायचं, मध्ये काही नाही. आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. देश कुठलाही असो, नियम तोच. मी बँकॉकला आठ दिवस होतो, वजन काटेकोर तेवढंच राहिलं.

साजूकतूप
आणि त्या ५५ मिनिटांत हॉटेलचा अख्खा बुफे! आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर कधीच्या सांगतायत, थोडं थोडं खा, जिथे असाल तिथलं खा. उपाशी राहून संध्याकाळी सहाला माणूस बेकरीसमोरून जातो तेव्हा काय होतं ते बघा.

दोनवेळा_बास
उपाशी कोण म्हणालं? पोटभर खायचं असतं. वाचून तरी बोला. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा आहे, ढीगभर पदव्या घेतलेला माणूस, ते काय साधे गृहस्थ होते का?

साजूकतूप
त्यांच्या पदव्या मोजून पोळी पचत नाही.

झोपाळू
जिचकारांबद्दल आमच्या नागपूरच्या मामांकडून इतकं ऐकलंय की वेगळा धागा काढावा लागेल. आयएएस सोडून निवडणूक लढवणारा माणूस! २००४ मध्ये अपघातात गेले, फार लवकर. असो, चालू द्या.

आकडेमोड
दोघेही थांबा. आधी हिशोब. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. २.३ किलो चरबी चढायला रोजच्या गरजेवर सतरा हजार सातशे कॅलरी जास्त खाव्या लागतील, म्हणजे दिवसाला साडेचार हजारांच्या आसपास वरकड. तिखटमीठ, तुम्ही ऑफिसला गेलाय की लग्नाला?
चार दिवसांत जे वाढतं त्यात बहुतेक पाणी असतं. विमानात आठ-नऊ तास पाय लोंबकळत, मग ब्रेड आणि चीज, दोन्हींत मीठ भरपूर. त्यात पिठाचं खाणं वाढलं की शरीर ग्लायकोजेन साठवतं, आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतं. पोट साफ होतंय का हेही विचारतो, लाजू नका.
आता तुम्ही सांगा: काटा कोणता, कुठल्या वेळी, अंगावर काय?

तिखटमीठ
हॉटेलच्या जिममधला. आज रात्री जेवून आल्यावर. बूट होते, ते काय दोन किलोचे नसतात. पोटाचं विचारू नका.

अंबाडी
घरी कधी करायचीस?

तिखटमीठ
सकाळी उठल्या उठल्या.

अंबाडी
बाई गं. घरचं सकाळचं अनवाणी आणि तिथलं रात्रीचं जेवून, थंडीचे बूट घालून. त्यात काटाही दुसरा. उद्या उठल्यावर त्याच काट्यावर कर आणि तो आकडा शून्य धर. घरच्याशी तुलनाच बंद.

सुटसुटीत_सुऱ्या
हल्ली आठवड्याला एक इंजेक्शन मिळतं, भूकच मरते. आमच्या साहेबांनी चौदा किलो उतरवले. एवढी डोकेफोड कशाला?

आकडेमोड
सुऱ्याभाऊ, ते चिठ्ठीवरचं औषध आहे, भाजीच्या पिशवीत टाकायचं नाही. तिने विचारलंय सहा आठवडे हॉटेलात काय खाऊ.

नेकरकाठची
मी अकरा वर्षं एसलिंगेनला राहतेय, तुझ्यापासून ट्रेनच्या अंतरावर. तर आता कामाचं.
एक, मागरक्वार्क. सुपरमार्केटच्या दुधाच्या कपाटात पांढरे डबे असतात, २५० आणि ५०० ग्रॅमचे. १०० ग्रॅमला १२ ग्रॅम प्रथिनं, कॅलरी सत्तरच्या आत, चरबी जवळपास नाही. आपला चक्काच समज, जरा कमी आंबट. तुझ्या खेळण्यातल्या फ्रिजमध्ये बसतो. काकडी किसून, मीठ-जिरेपूड घालून खा. डब्यातले शिजलेले छोले आणि मसूर मिळतात, पाण्याखाली धुवायचे, लिंबू पिळायचं, झालं. किटलीत अंडी उकडू नकोस, मी केलंय, हॉटेलवाले बोलतात. उकडलेली, रंग दिलेली अंडी दुकानात वर्षभर मिळतात.
दोन, रविवारी दुकानं बंद. जवळपास सगळी. शनिवारी संध्याकाळी सामान आणलं नाहीस तर रविवारी तू आहेस आणि पिझ्झा आहे.
तीन, पाणी. हॉटेलात 'ज्यूस' म्हणून घेतेस ते मोज. सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं शोर्ले लोक पाण्यासारखं पितात, पण त्यात साखर असतेच. नळाचं पाणी बिनधास्त पी.

चकली_विथ_चहा
मी पहिल्यांदा म्युनिकला गेलो तेव्हा दीड आठवडा क्वार्क घेतलंच नाही. मागे लिहिलं होतं 'आयवाइस'. गुगलबाबा म्हणाला, अंड्याचा पांढरा. मी पक्का शाकाहारी. मग दुधावर आयवाइस, डाळीवर आयवाइस. म्हटलं हे लोक डाळीतही अंडं घालतात? शेवटी कलीगने सांगितलं, प्रोटीनला तोच शब्द आहे. तोवर मी जॅम-ब्रेडवर अडीच किलो कमावले होते.

तिखटमीठ
😄 मी खाते अंडं, पण मीही तेच समजले होते.
नेकरकाठची, थँक यू ताई. पण कॅन्टीनचं काय? दुपारी व्हेज म्हणून रोज ते चीजवाले नूडल्स देतात, वर तळलेला कांदा. कालपण तेच, आजपण तेच.

नेकरकाठची
केझश्पेत्झ्ले. चवीला स्वर्ग, पण ताटभर खाल्लंस तर संध्याकाळी कशाची गरज नाही. अर्धी वाढ माग आणि सॅलडच्या काउंटरवरून बाकीचं ताट भर, तिथे राजमा आणि छोले असतात बहुधा. इकडे मसूर-श्पेत्झ्लेही मिळतं, अगदी आमटी-शेवयांचा प्रकार, पण त्यात सॉसेज असतं आणि डाळीतही डुकराचे बारीक तुकडे टाकतात. आधी विचार. माउलटाशेन पालकाचे दिसले तरी विचार, मूळ पदार्थ मांसाचाच.

झोपाळू
त्याची गोष्ट माहितीये का? लेंटच्या, म्हणजे ख्रिश्चनांच्या ईस्टरआधीच्या उपवासात मांस वर्ज्य, म्हणून ते पिठाच्या पाकिटात लपवलं, वरून देवाला दिसू नये म्हणून. गावठी नावच 'देवाला फसवणारे' अशा अर्थाचं आहे. एकादशी दुप्पट खाशी, फक्त श्वाबियात, म्हणजे स्टुटगार्टच्या मुलखात. आणि सध्या फेब्रुवारी, म्हणजे अगदी वेळेवर!

साजूकतूप
बघा, तिथली माणसं शतकानुशतकं तेच खातायत आणि डोंगर चढतायत. भीती घालू नका पोरीला.

नेकरकाठची
डोंगराचं खरं आहे. स्टुटगार्ट वाडग्यात वसलंय, जुन्या द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या शहरभर आहेत, चारशेच्या वर जिने. सहाच्या आत अंधार पडतो म्हणून जेवणाच्या सुट्टीत चाल, रात्री नको.

अंबाडी
एक विचारते, राग मानू नकोस. काही गोळ्या चालू आहेत?

तिखटमीठ
थायरॉइडची फक्त. त्याचा काय संबंध?

अंबाडी
कधी घेतेस?

तिखटमीठ
घरी पहाटे. इथे घाईत नाश्त्याबरोबर, कॉफी घेते तेव्हा.

अंबाडी
नको. ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, नंतर निदान अर्धा-पाऊण तास काही नाही. कॉफी, दूध, कॅल्शियम यांच्याबरोबर नीट शोषली जात नाही. चार दिवसांत त्याने वजन वाढणार नाही हे खरं, पण सहा आठवडे असंच केलंस तर डॉक्टर तुला रागावतील आणि तू मला. साडेचार तासांचा फरक असला तरी तिथल्या सकाळी घे. शंका असेल तर तुझ्या डॉक्टरांना मेसेज कर.

आकडेमोड
अजून हिशोब जुळत नाहीये. पाणी धरलं, बूट धरले. पण नाश्त्याला काय आणि रात्री काय? एका दिवसाचं सगळं लिही. तोंडात गेलेलं सगळं.

तिखटमीठ
सकाळी एक बटरब्रेत्सेल (गाठ मारलेला पाव, आत बटर), संत्र्याचा रस, कॉफी. दुपारी तेच नूडल्स, मी अर्धेच खाते. रात्री सूप किंवा सॅलड. बास. घरचं थोडंसं.

आकडेमोड
'घरचं थोडंसं' म्हणजे?

तिखटमीठ
आईने दिलेलं. ते मी धरत नाही, ते काय रोजचं जेवण नाही.

अंबाडी
😂😂 काय काय दिलंय?

तिखटमीठ
पातळ पोह्यांचा चिवडा. दाण्याची चटणी. डिंकाचे लाडू वीस. थंडी आहे म्हणून.

अंबाडी
आणि आज किती लाडू उरलेत?

तिखटमीठ
अकरा.
रविवारी दुकानं बंद होती ना. आणि रात्री हॉटेलात एकटीला बसून करमत नाही, लॅपटॉपशेजारी चिवड्याची पिशवी असते. पिशवीला चिमटा लावते मी, पण तो काढायला किती वेळ लागतो.

आकडेमोड
नऊ लाडू. डिंक तुपात तळलेला, खोबरं, खारीक, गूळ. मोठा असेल तर एकाला दोनशे कॅलरी सहज. चिवडा शंभर ग्रॅमला पाचशेच्या घरात, आणि दाणे कोण मोजतं. आता जुळलं. बरंचसं पाणीच आहे, पण सगळं नाही.

दोनवेळा_बास
हेच म्हणत होतो. मध्ये काही नाही.

साजूकतूप
लाडू नाश्त्याला एक खाल्ला असता तर ब्रेत्सेलची गरजच नव्हती. लाडवाची चूक नाही, पिशवी लॅपटॉपशेजारी ठेवण्याची चूक आहे.

बॅगवाला_बंड्या
आता माझा विषय आला. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, हौसेखातरसुद्धा. तूप, पनीर, चक्का नको. पुढच्या वेळी आईंना सांगा.

तिखटमीठ
आईला तुम्हीच सांगा. ती म्हणेल त्यांच्या घरी थंडी नसेल.

नेकरकाठची
लाडू खोलीत ठेवू नकोस. ऑफिसच्या स्वयंपाकघरात उघडा डबा ठेव आणि 'इंडिशे क्राफ्टकुगेल्न', म्हणजे 'भारतीय ताकदीचे गोळे', अशी चिठ्ठी लाव. बघ काय होतं.

(बारा दिवसांनी)

तिखटमीठ
विसरले नाही, डेडलाइन होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी अनवाणी केलं, ७१.९ आलं. म्हणजे रात्रीत ९०० ग्रॅम गायब. आज ७०.९. तोच काटा, तीच वेळ. घरच्या काट्यावर काय दिसेल देव जाणे.
गोळी पहाटे साडेपाचला. ब्रेत्सेल फक्त शुक्रवारी, बटर न लावलेला. दुपारी अर्धे नूडल्स आणि छोले. रात्री क्वार्क-काकडी, वर दाण्याची चटणी चमचाभर, ती सोडणार नाही. लाडू पाच उरलेत. चिवडा ऑफिसात नेला, अर्ध्या तासात पिशवी रिकामी, एक काका तळातला मसाला बोटाने खात होते आणि मला विचारत होते की हे कोणत्या सणाचं आहे. म्हटलं मंगळवारचं.
दोनवेळा_बास, तुमचंही करून बघितलं तीन दिवस. तिसऱ्या संध्याकाळी बेकरीत गेले. साजूकतूप बरोबर होत्या.

साजूकतूप
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

दोनवेळा_बास
तीन दिवसांत काय कळतं? किमान तीन महिने करा.

चकली_विथ_चहा
नेकरकाठची, क्वार्क चक्क्यासारखं म्हणालात, तर त्याचं श्रीखंड होतं का? गुढीपाडवा येतोय.

नेकरकाठची
होतं ना, दरवर्षी करते. पण मागर नको, ४० टक्केवालं घे. घाबरू नकोस, ते ४० टक्के सुक्या भागातले असतात, प्रत्यक्षात चरबी अकरा टक्क्यांच्या आसपास. फडक्यात रात्रभर टांगून ठेव, पाणी निघतं. बारीक साखर, केशर, वेलची. पुरणयंत्र नसेल तर गाळणीतून दाबून काढ.

चकली_विथ_चहा
साखर किती?

तिखटमीठ
अहो, धागा वजनाचा आहे!

नेकरकाठची
चक्क्याच्या वाटीला पाऊण वाटी. 

तिखटमीठ
... पाव वाटीत होणार नाही का?