मदत हवी आहे: मटण धुवायचं की नाही?? (अर्जंट)

टोपलीभर_पसारा (रविवार, १०:४८)
पटकन सांगा प्लीज. शिजवायच्या आधी धुवायचं की नाही? सासूबाई म्हणतात तीन पाण्यातून काढल्याशिवाय मी तोंडात घालणार नाही, आणि नवरा फोन नाचवत मागे फिरतोय की धुतल्याने जंतू पसरतात, आता जगात कुणी धूत नाही. दोघांपैकी कुणी हाताला पाणी लावणार नाहीये हे वेगळं सांगायला नको. दीड किलो आहे, पातेल्यात काढलंय, वाटण तयार आहे, एक वाजता नणंदेकडचे चौघं येतायत. मी ओट्यापाशी उभी राहून टाइप करतेय. हो की नाही एवढंच सांगा, लेक्चर नको.

गवतीचहा (१०:५१)
मटण म्हणजे बकऱ्याचं ना? दुकानातून तुकडे करून आणलंय की पॅक केलेलं? भारतात आहात की बाहेर? त्यावर उत्तर बदलतं.

रस्साओरपे (१०:५३)
धुवा. विषय संपला.
ज्यांनी खाटकाचा ठोकळा जवळून बघितलाय ते हा प्रश्न विचारणारच नाहीत. सत्तूर पडतो तसा त्या लाकडाचा भुसा उडतो, हाडाच्या कपच्या उडतात, बकऱ्याचे केस चिकटलेले असतात, आणि हे सगळं वजनात धरून आपल्या पिशवीत येतं. आमच्या आईने एकदाच, गौरीजेवणाच्या दुसऱ्या दिवशीच्या गडबडीत, न धुता फोडणीला टाकलं होतं. वडिलांच्या दाढेखाली कपची आली, दाढेचा टवका उडाला. रस्सा झाला होता फक्कड, पण त्या दिवसानंतर आमच्याकडे मटण निदान चार पाण्यांतून निघतं.

लेस्टरचे_काका (१०:५६)
अजिबात धुवू नका!! इथे ब्रिटनमध्ये फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०१४ मध्ये मोहीमच काढली होती, कोंबडी धुणं बंद करा म्हणून. नळाखाली धरली की शिंतोडे अर्धा मीटर लांब जातात, ओट्यावर, कपड्यांवर, सगळीकडे. पाकीट उघडा, किचन रोलने टिपा, भांड्यात टाका. आमच्या घरात तेव्हापासून एकही कोंबडी धुतलेली नाही. (मी बाहेर गेलो की बायको धुते असा मला दाट संशय आहे, पण पुरावा नाही.)

रस्साओरपे (१०:५८)
काका, तुमच्याकडे ती पाकिटातून येते. आमच्याकडे काळ्या पिशवीतून येते आणि पाच मिनिटांपूर्वी पिंजऱ्यातून आपल्याकडे बघत असते. फरक आहे.

टोपलीभर_पसारा (११:०१)
अहो बकऱ्याचं नाही, कोंबडी. आमच्या माहेरी सगळ्यालाच मटण म्हणतात, सवय. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलंय, समोर कापून, साल काढून, मध्यम पीस. भारतातच आहे, पुण्यात धायरीत, अजून कुठे असणार. एकाने धुवा म्हटलं, एकाने नका म्हटलं, म्हणजे मी परत घरातच आले की.

पेट्रीडिश (११:०४)
मायक्रोबायोलॉजी शिकलेय म्हणून लिहिते, लेक्चर वाटलं तर सोडून द्या.
कोंबडीवर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू असू शकतात. पाण्याने ते जात नाहीत, घट्ट चिकटलेले असतात. जे थोडे सुटतात ते सिंकमध्ये, नळावर आणि शेजारी जे काही असेल त्यावर जाऊन बसतात. मरतात ते फक्त उष्णतेने. मधला भाग ७४ अंशांपर्यंत गेला की झालं, आणि आपला रस्सा तर अर्धा तास रटरटत असतो. त्यामुळे जंतू घालवायला म्हणून धुण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ मध्ये एक अभ्यास जाहीर केला, नॉर्थ कॅरोलायनातल्या विद्यापीठाबरोबर केलेला. कोंबडीला ओळखू येतील असे निरुपद्रवी जंतू लावून लोकांना स्वयंपाक करायला लावला. धुणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये जंतू सापडले, आणि सिंक साफ केल्यावरही १४ टक्के सिंकमध्ये होतेच. २६ टक्के लोकांच्या सॅलडपर्यंत पोचले.

रस्साओरपे (११:०९)
त्याच अभ्यासातला पुढचा आकडा का गाळलात ताई? ज्यांनी धुतली नाही त्यांच्यातही ३१ टक्के लोकांच्या सॅलडमध्ये जंतू गेलेच. म्हणजे न धुणाऱ्यांचं सॅलड जास्त बिघडलं. हे मीही वाचलेलं आहे, फक्त सांगत नाही.

पेट्रीडिश (११:१३)
गाळला नाही, लेक्चर नको म्हणाल्या म्हणून थांबले. तो आकडा बरोबर आहे आणि माझ्याच बाजूने आहे. न धुणाऱ्यांचे गेले कारण कच्चं हाताळल्यावर हात, सुरी, पाट नीट धुतले नाहीत. म्हणजे खरा प्रश्न कोंबडी धुतली का हा नसून नंतर हात साबणाने धुतले का हा आहे. कच्चं खायचं ते सगळं आधी करून बाजूला ठेवायचं, कोंबडीला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

बोंबलाची_काडी (११:१४)
मासे नेहमी कापायच्या आधी धुवायचे. तुकडे केल्यावर चोळून चोळून धुतले की चव सगळी मोरीत. खवलं काढा, पोट साफ करा, आतलं काळं रक्त बोटाने घासून काढा, धुवा, मग तुकड्या. नंतर फक्त मीठ-हळद आणि कोकमाचं आगळ. कोळंबीचा काळा दोरा काढायचा म्हणजे काढायचाच, लहान असली तरी. बोंबील धुतल्यावर दोन पाटांमध्ये दाबून ठेवा, पाणी सुटतं, मग तळा. कोंबडीचं मला माहीत नाही, आम्ही आणत नाही.

शुद्धतूप (११:१५)
यावर सोपं उत्तर आहे. पनीर.

रस्साओरपे (११:१६)
पनीर धुवायचं का? वेगळा धागा काढा.

आडवाहात (११:१९)
विषय निघालाच आहे तर विचारतो. वजडी (बकऱ्याचं पोट-आतडी) साफ करायला चुना वापरता का? आमच्याकडे गरम पाण्यात बुडवून, चुना चोळून सुरीच्या पाठीने खरवडतात, काळपट पापुद्रा निघून पांढरी स्वच्छ होते, टॉवेलासारखी. पण बायकोच्या माहेरी नुसतं कढत पाणी, आणि ते चुन्याला नावं ठेवतात. कोण बरोबर?

गवतीचहा (११:२१)
पाणी कढत म्हणजे उकळतं नको, उकळतं घेतलं तर पापुद्रा उलट चिकटून बसतो. चुना लावला तर नंतर भरपूर धुवावं लागतं. पण धागा कोंबडीचा आहे हो.

रस्साओरपे (११:२३)
आणि एक राहिलं. दुकानात घाईत पित्ताची पिशवी फुटली असेल तर एखाद्या तुकड्यावर हिरवट डाग असतो. तो धुतला नाही तर अख्खा दीड किलो कडू. याला काय किचन रोलने टिपणार?

लेस्टरचे_काका (११:२५)
तो तुकडा फेकून द्यायचा.

रस्साओरपे (११:२५)
फेकून???

खडकवासल्याचा_वारा (११:२८)
धायरी वाचलं म्हणून थांबलो, आम्ही जवळचेच. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार, हातपाय लुळे पडतात) साथ आली तेव्हा सिंहगड रोडला कोंबडीच्या दुकानांकडे कुणी बघत नव्हतं, आम्ही तर टँकरचं पाणीसुद्धा उकळून, गार करून, परत गाळून प्यायचो. तेव्हापासून आमच्या घरात चिकनवरून हाच वाद आहे. तुमच्या मिस्टरांना मी पूर्ण समजू शकतो.

पेट्रीडिश (११:३२)
त्या वेळी काही रुग्णांच्या नमुन्यांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला होता, तो कोंबडीच्या आतड्यात असतो तोच, म्हणून चिकनचं नाव आलं. मुख्य संशय पाण्यावर होता. नीट शिजवलेल्या कोंबडीने काही होत नाही. कच्च्याचं पाणी नको तिथे गेलं तर होऊ शकतं, आणि या जंतूचे थोडेसेही पुरतात. त्यामुळे धागाकर्तीला विचारायचं होतं, तुमच्या सिंकच्या आजूबाजूला आत्ता काय काय आहे?

टोपलीभर_पसारा (११:३६)
काय असणार, नेहमीचं. भांड्यांची जाळी, त्यात बाळाच्या दुधाच्या बाटल्या उपड्या घातल्यात, स्क्रबर, काकड्या धुऊन ठेवल्यात कोशिंबिरीला. का?

पेट्रीडिश (११:३७)
बाळ किती महिन्यांचं आहे??

टोपलीभर_पसारा (११:३८)
आठ.

गवतीचहा (११:३८)
अहो हे आधी सांगायचं ना!

लेस्टरचे_काका (११:३९)
बाटल्या उचला आधी, बाकी नंतर बोलू.

रस्साओरपे (११:४१)
बाटल्या उचला हे मी पण म्हणतो. माझं धुण्याबद्दल मत कायम आहे, पण हे वेगळं. जाळी अख्खी दुसऱ्या खोलीत न्या.

पेट्रीडिश (११:४४)
सासूबाईंना धुतल्याशिवाय चालणारच नसेल तर असं करा. बाटल्या, काकड्या, जाळी सगळं तिथून हलवा. नळाखाली तुकडे धरू नका. मोठ्या पातेल्यात आधी पाणी भरा, नळ बंद करा, मग तुकडे हळूच आत सोडा, हाताने अलगद फिरवा, भुसा-कपच्या तळाशी बसतील. तुकडे हातानेच उचलून दुसऱ्या भांड्यात घ्या. पाणी ओतताना पातेलं सिंकच्या अगदी तळाशी टेकवून सावकाश ओता, वरून धबधब नको. मग सिंक, नळाची मूठ आणि ओटा साबणाने घासा, वर उकळतं पाणी ओता. तो स्क्रबर टाकून द्या. लिंबू, व्हिनेगर, हळद यांनी वास जातो, जंतूंचा भरवसा धरू नका.

रस्साओरपे (११:४६)
आम्ही पिढ्यानपिढ्या असंच धुतो, पातेल्यात. नळाखाली कोण धरतं? हे एवढं आधी लिहिलं असतं तर मी भांडलोच नसतो.

लेस्टरचे_काका (११:४८)
मी नळाखालीच धरायचो.

आडवाहात (११:४९)
चुन्याचं कुणी सांगेल का?

बोंबलाची_काडी (११:५३)
मी दोन वर्षं बाळाच्या बाटल्या मासे धुवायच्या मोरीतच धुवायचे, काही झालं नाही.

पेट्रीडिश (११:५४)
झालं नाही म्हणून होत नाही असं नसतं हो ताई. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना याचा त्रास लवकर होतो.

बोंबलाची_काडी (११:५५)
बरं बाई.

टोपलीभर_पसारा (दुपारी ४:२०)
आत्ता बसले. सांगते काय झालं ते. मी ११ पासून इथे तुमची भांडणं वाचत होते ना, तेवढ्यात सासूबाईंनी पातेलं उचलून कधीच धुऊन टाकलं होतं. बाळ उठलं म्हणून मी खोलीत होते. नळ सोडून, तीनदा. मी पेट्रीडिश ताईंचा बाळाबद्दलचा प्रश्न वाचून ओट्यापाशी गेले तर चिकन हळद-मीठ लावून झाकलेलं, आणि नळाच्या मुठीवर गुलाबी पाणी तसंच. बाटल्यांवर पण थेंब होते, बारीक, उजेडात धरल्यावर दिसले. मग माझे हातपाय गळाले. सगळ्या बाटल्या, निपल, झाकणं साबणाने घासून दहा मिनिटं उकळल्या. काकड्या टाकून दिल्या, कांदा-दही केलं. नवऱ्याला सिंक घासायला लावला, तो म्हणाला मी सांगितलं होतं, मी म्हटलं सांगितलं होतंस ना, मग बाटल्या का नाही उचलल्यास. गप्प घासला.

सासूबाईंना बाटलीवरचा थेंब दाखवला. आधी म्हणाल्या आमची पोरं नाही का वाढली. मग चश्मा लावून बघितला आणि काही न बोलता जाळी उचलून गॅलरीत नेऊन ठेवली. धुणं काही सोडणार नाहीत, पण पुढच्या वेळी पातेल्यात आणि नळ बंद, एवढ्यावर तह झालाय. भुश्याबद्दल रस्साओरपेंचं म्हणणं खरं निघालं, पातेल्याच्या तळाशी दोन कपच्या होत्या, टोकदार.

खडकवासल्याचा_वारा (४:३१)
पाणी कुठलं वापरता? टँकर की कॉर्पोरेशन?

लेस्टरचे_काका (४:४०)
बायकोला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली मी पातेल्यातच धुते. म्हणजे धुते.

शुद्धतूप (४:४४)
पुरावा मिळाला.

टोपलीभर_पसारा (४:५२)
कॉर्पोरेशनचं, गाळून उकळून. आडवाहात दादा, सासूबाई म्हणतायत चुना घ्या पण पानाला लावतो तेवढाच, आणि वजडी नंतर सात पाण्यांतून काढा. आणि ते सिंकमध्ये नको म्हणाल्या, बाथरूममध्ये बादलीत.