स्पॅम कोणता ते मी ठरवणार: घरच्या मेल सर्व्हरच्या बाजूनं

खटपट्या (धागाकर्ता)

कालच्या धाग्यात 'निवांत' यांनी लिहिलं की डेस्कटॉपवर स्वतःचा मेल सर्व्हर चालवणं हा रिकामटेकडा उद्योग आहे, स्पॅम गाळायचं काम मोठ्या कंपन्या आपल्यापेक्षा चांगलं करतात, आणि ज्यांना हे पटत नाही ते २००२ सालात अडकलेत. हे वाचून राग आला. दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून वेगळा धागा.

२००२ चं म्हणाल तर त्याच वर्षी प्रोग्रामर पॉल ग्रॅहमनं बेझच्या गणितानं (पत्रातल्या शब्दांवरून ते स्पॅम असण्याची शक्यता काढायची) स्पॅम ओळखायची रीत लोकांपुढे ठेवली. तिचा गाभा असा की गाळणी ज्याच्या त्याच्या मेलवर शिकलेली हवी. तो गाभा अजूनही खराच आहे.

मी औषधांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करतो. मला येणाऱ्या कामाच्या मेलमध्ये सिल्डेनाफिल (वायग्रातलं औषध) असतं, वजन कमी करायच्या गोळ्या असतात, 'अर्जंट' असतं, आणि पाठवणारा बऱ्याचदा अनोळखी असतो. जगातल्या कुठल्याही सर्वसाधारण गाळणीला हा स्पॅमच वाटणार. माझ्या मेलसेवेनं अशी कामाची पत्रं परस्पर स्पॅममध्ये टाकली आणि एक जुना ग्राहक 'उत्तरच देत नाही' म्हणून दुसरीकडे गेला.

आता माझ्या डेस्कटॉपवर तीन प्रोग्राम आहेत: गेटमेल सगळ्या खात्यांतली पत्रं आणतो, बोगोफिल्टर ही गाळणी ती तपासतो, डवकॉट हा मेल सर्व्हर ती ठेवून घेतो आणि फोनलाही दाखवतो. बोगोफिल्टर 'स्पॅम' आणि 'चांगलं' याखेरीज 'खात्री नाही' असंही उत्तर देतो. ती पत्रं वेगळ्या फोल्डरमध्ये पडतात, रोज संध्याकाळी मी ती डोळ्यांखालून घालतो. ज्याला खात्री नाही त्यानं तसं सांगावं, एवढीच माझी अपेक्षा असते.

निवांत

माझंच नाव घेऊन धागा काढलाय, तेव्हा लिहिणं भाग आहे.

एक, बेझला आधी शिकवावं लागतं. स्पॅमअसॅसिन ही दुसरी गाळणी तर किमान २०० स्पॅम आणि २०० चांगली पत्रं दाखवल्याशिवाय बेझचा गुण धरतच नाही. सामान्य माणसानं हे कधी करायचं? दोन, एकच फसवं पत्र एकाच वेळी लाखो खात्यांत पडतं तेव्हा ती लाट मोठ्या कंपनीला दिसते. तुमच्या डेस्कटॉपला एकच पत्र दिसतं. तीन, शब्द मोजून फिशिंग पकडता येत नाही. आमच्या जुन्या कचेरीत स्वतःचा सर्व्हर होता, त्याचा केवढा अभिमान! नेहमीच्या पुरवठादाराच्या नावानं 'आमचं बँक खातं बदललंय' असं साधं, सभ्य पत्र आलं. गाळणीला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. पैसे गेले, आणि बोलणी खाल्ली बिचाऱ्या हिशेबनीस बाईंनी.

कोकणकन्या

खटपट्या, मला एक कळत नाही. पत्र आधी मेलसेवेकडेच येतं ना? तिनं ते स्पॅममध्ये टाकलं तर तुमच्या डेस्कटॉपपर्यंत पोचणार कसं?

शिवाय थंडरबर्ड या मेल वाचायच्या प्रोग्राममध्ये शिकणारी जंक गाळणी आहेच. मग सर्व्हर कशाला? ६० वॉटचा डेस्कटॉप चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला ४३ युनिट होतात. आमच्याकडे जूनच्या पावसात वीज दिवसदिवस नसते ती गोष्ट वेगळीच.

खटपट्या

ताई, प्रश्न अगदी नेमका आहे. पॉपनं (मेल उतरवून घ्यायची जुनी, साधी रीत) मेल आणलात तर फक्त इनबॉक्स येतो, स्पॅमचं फोल्डर येतच नाही. म्हणून आयमॅप (सर्व्हरवरची सगळी फोल्डरं दाखवणारी रीत) वापरायचं आणि गेटमेलला दोन्ही फोल्डरं आणायला सांगायचं. जीमेलमध्ये फिल्टर लावून 'कधीही स्पॅममध्ये पाठवू नका' असंही करता येतं. नाहीतर तिथलं स्पॅम ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि काय गेलं ते कळतही नाही.

वीज गेली तर काही बिघडत नाही. पत्रं मेलसेवेकडे पडून राहतात, डेस्कटॉप चालू झाला की येतात. चोवीस तास चालू ठेवायची गरज नाही. थंडरबर्डला शिकवलेलं माझ्या फोनला कळत नाही, सर्व्हरला शिकवलेलं फोन आणि डेस्कटॉप दोघांनाही लागू पडतं.

निवांत, बँक खात्याचं पत्र कोणत्याच गाळणीला सहज सापडत नाही. तिथे फोन करून विचारणं हाच उपाय. ते माझ्या खात्यावर कशाला मांडता?

सेक्रेटरी_बी_विंग

अवांतर आहे, पण लिहितोच. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा, रिडेव्हलपमेंटचा विषय. १४ दिवस आधी नोटीस द्यायची म्हणून सगळ्या सभासदांना मराठीतून मेल केली. अर्ध्या लोकांच्या स्पॅममध्ये! सभेत माझ्यावर आरोप की मुद्दाम लपवलं. मी लपवलं? वीस वर्षं फुकट राबणारा माणूस मी! कोणत्या कंपनीच्या कोणत्या यंत्रानं ठरवलं की माझी नोटीस कचरा आहे?

पोर्ट_पंचवीस

सेक्रेटरीसाहेब, एकाच खाजगी पत्त्यावरून, सगळ्यांना बीसीसीत घालून, जोडपत्रासकट पाठवली असणार. स्पॅमवालेही हेच करतात. नोटीस फलकावर लावा आणि सह्या घ्या.

आता या धाग्याच्या नादानं कुणी घरून मेल *पाठवायला* लागू नका, हात जोडून सांगतो. मी नेटवर्कच्या धंद्यात केस पांढरे केलेत. घरच्या जोडणीवर बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट) बहुतेक ठिकाणी बंदच असतं, आयपी पत्ता अनेकांत वाटलेला असतो, आणि घरगुती पत्त्यांच्या पट्टेच्या पट्टे स्पॅमहाउस या संस्थेच्या पीबीएल यादीत (ज्यांनी थेट मेल पाठवू नये अशा पत्त्यांच्या) असतात. व्हायरस शिरलेल्या घरच्या संगणकांनीच जगभर स्पॅम ओतला, त्याचा हा परिणाम आहे.

सेक्रेटरी_बी_विंग

फलकावर लावली होती! सह्याही आहेत! पण पुण्याला आणि दुबईला राहणारे सभासद फलक वाचायला येतात का?

मुक्तस्रोती

पोर्ट_पंचवीस, तुमच्यासारख्यांनीच मेल दोन-तीन कंपन्यांच्या घशात घातला. मी आमच्या त्रैमासिकाचा छोटा सर्व्हर चालवतो. एसपीएफ, डीकिम, डीमार्क (पत्र खरंच त्या नावाच्या मालकाकडून आलंय हे पटवणाऱ्या तीन नोंदी), उलटा डीएनएस (आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद), सगळं चोख. तरी पत्रं स्पॅममध्ये, आणि विचारायचं कुणाला? २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूनं डीमार्कचं धोरण 'रिजेक्ट' (न जुळणारं पत्र नाकारा) केलं, लिस्टवरून फिरलेली पत्रं जुळेनात आणि जगभरच्या मेलिंग लिस्टा मोडल्या. सुधारायला लागलं लिस्ट चालवणाऱ्यांना, याहूला नाही.

पोर्ट_पंचवीस

'तुमच्यासारख्यांनी' म्हणजे काय? रात्री दोनला उठून ब्लॅकलिस्टमधून सर्व्हर सोडवलेत मी, कुणाच्या घशात काही घातलं नाही. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगलनं दिवसाला ५००० च्या वर आणि याहूनं मोठ्या संख्येनं पत्रं पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या, तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितल्या. लोकांनी इतकी वर्षं ऐकलं असतं तर सक्ती लागली नसती.

छोट्या सर्व्हरला दाद मागायला जागा नाही, हे मात्र खरं आहे. तेवढं मान्य.

मुक्तस्रोती

तेवढंच तर म्हणत होतो. एवढं भांडावं का लागलं?

निवांत

मूळ मुद्द्यावर या. खटपट्यांसारख्या, औषधांची नावं रोज वाचणाऱ्या माणसाला स्वतःची गाळणी हवी, हे मान्य करतो. पण हे मीठ-मिरची विकणाऱ्या दुकानदाराला सुचवू नका. त्याच्यासाठी मेलसेवेचीच गाळणी बरी.

खटपट्या

त्या दुकानदाराची ऑर्डर स्पॅममध्ये गेली तर त्याला कोण सांगणार? त्यानं सर्व्हर लावू नये हवं तर, पण स्पॅमचं फोल्डर रोज उघडावं, एवढं तरी त्याला सांगाल की नाही?

निवांत

सांगेन. सर्व्हरचं नाही सांगणार.

कोकणकन्या

गेटमेल लावला. स्पॅमचं फोल्डरही आलं. त्यात बहिणीच्या लग्नाच्या हॉलची पावती सापडली. खटपट्या, आता हे पत्र 'चांगलं' आहे असं बोगोफिल्टरला शिकवायची आज्ञा कोणती?

खटपट्या

पत्र फाइलमध्ये जपा आणि बोगोफिल्टरला उणे-एन (-n) हा पर्याय लावून ती फाइल द्या. आधी चुकून स्पॅम म्हणून नोंदवलं असेल तर त्याआधी मोठा एस (-S) लावून ती नोंद काढायला लागते.