सगळे एकत्र जेवता का? करणारी धरून?

आमच्याकडे सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल आहे. परवापरवापर्यंत त्यावर जेवण सोडून सगळं चालायचं: इस्त्रीचे कपडे, विजेची बिलं, लेकीचे प्रोजेक्ट. जेवण टीव्हीसमोर, ताट मांडीवर. मे महिन्यात आई-बाबा राहायला आले म्हणून टेबल रिकामं केलं. चौघं बसलो, आई गॅसपाशी. तव्यावरची पोळी थेट ताटात. "तुम्ही बसा गं, मी बसतेच." हे 'बसतेच' मी जन्मापासून ऐकतेय. तिसऱ्या दिवशी मी सगळ्या पोळ्या आधीच करून डब्यात भरल्या, गॅस बंद केला आणि आईला हाताला धरून बसवलं. बाबांनी तुकडा मोडला. "गार झालीये का गं जरा?" आई मान वर न करता म्हणाली, "मी चाळीस वर्षं अशीच खाते."

तुमच्याकडे कसं असतं? लिहा.

*

आम्ही जळगावकडचे, घरात चौदा माणसं. आधी पुरुष आणि मुलं, मग बायका. अन्यायच तो. दुसरी पंगत बसेपर्यंत वांग्याचं भरीत पातेल्याच्या तळाला गेलेलं असायचं, मग काकू कळण्याच्या भाकरीवर ठेचा आणि तेल घेऊन भागवायच्या. पण खरं सांगू? पहिल्या पंगतीत नुसते भुरके ऐकू यायचे. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचं शेत गहाण पडलं, धाकट्या आत्याला सासरी काय सोसावं लागतंय, हे सगळं दुसऱ्या पंगतीत. माझं जेवण उरकलेलं असायचं, तरी मांडणीच्या आड पुस्तक घेऊन बसायचो. पुस्तकाचं पान काही उलटत नसे. आता वहिनी सगळ्यांना एकदमच बसवते, भरीत मधोमध, ज्याचं त्यानं वाढून घ्यायचं. हवं होतं तेच झालं. फक्त त्या गप्पा आमच्यासमोर होत नाहीत. त्या ओट्यापाशी होतात म्हणे, आणि आता मला तिथे कोणी बसू देत नाही.

*

नवरा पिंपरीत कंपनीत, तीन पाळ्यांत काम. रात्रपाळीच्या आठवड्यात आमचं एकत्र जेवण सकाळी साडेआठला. मुलाची शाळा दुपारची, म्हणून जमतं. आमटी-भात, लोणचं, पापड. शेजारच्या काकू फोडणीच्या वासाने अजून बुचकळ्यात पडतात.

*

मी जरा उलटं बोलतो. आमचे वडील शिक्षक. श्लोक संपला की पहिल्या घासाला घटक चाचणी. "गणितात किती? आणि शेजारच्याला?" भात घशात अडकायचा. मी भराभर गिळून उठायला शिकलो, ती सवय पंचेचाळिशीतही गेलेली नाही. बायको विचारते, गाडी चुकतेय का? एकत्र बसण्याचं कौतुक ठीक आहे, पण बसवून काय करता तेही बघा. आमच्या टेबलावर फोनला बंदी नाही. मार्कांना आहे.

*

मी न्यू जर्सीत, बाबा मिरजेला एकटे. रात्री आठला ते जेवतात तेव्हा इथे सकाळचे साडेदहा. हिवाळ्यात घड्याळं मागे गेली की साडेनऊ. शनिवार-रविवारी मी पोहे घेऊन बसते, ते फोन तांब्याला टेकवून ठेवतात. फार बोलणं होत नाही. कधी नुसतं छतच दिसतं आणि आमटीचा भुरका ऐकू येतो. आई गेल्यावर ते दूध-भात खाऊन झोपायचे. आता माझा फोन यायच्या आधी काकडी चोचवून ठेवतात. मी म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणाले, "ताटाची डावी बाजू रिकामी बरी दिसत नाही."

बाकीचे पाच दिवस ती रिकामी असते का, हे मी विचारलेलं नाही.

*

पहिल्या ताईंना: पोळ्या गरम गरम डब्यात भरू नका, घाम सुटतो. आधी जाळीवर वाफ जाऊ द्या, मग तळाला सुती फडकं घालून रचा. भाकरी असेल तर दुरडीच बरी.

*

धाग्याची मालकीण: केलं तसं. तरी तळाची एक जरा ओली राहते. ती बाबा घेतात, न सांगता.