गेम चालू केला की वीस मिनिटात लॅपटॉप बसतोय, नवीन घेऊ की हाच दुरुस्त करू?

रंकाळ्याकाठचा_गडी:
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचाच, इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला हाय. दोन वर्षापूर्वी लॅपटॉप घेतलोय, प्रोसेसर आय५ १२४५०एच, ग्राफिक कार्ड आरटीएक्स ३०५० ४ जीबी, रॅम ८ जीबी. सुरुवातीला जीटीए ५ आणि व्हॅलोरंट एकदम मक्खन चालायचं. आता गेम चालू केला की पहिली पंधरा-वीस मिनिटं बरी जातात, ९० च्या आसपास एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) असतोय, मग धाडकन २५ वर येतोय, मिनिटभर तसाच राहतोय, परत वर जातोय की परत खाली. फॅनचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत येतोय. एका दुकानात दाखवलो तर त्यांनी उघडूनसुद्धा न बघता सांगितलं ग्राफिक कार्ड गेलंय, मदरबोर्ड बदलायला २२ हजार लागतील. विंडोज दोनदा नवीन टाकून बघितलो, फरक शून्य. पप्पा म्हणतात त्यात पैसे घालण्यापेक्षा ८०-८५ हजारात नवीन बघ, हा बहिणीला अभ्यासाला होईल. पण पैसे त्यांच्या कष्टाचे हायत, उगाच घालवायचे नाहीत मला. आणि घ्यायचाच झाला तर आरटीएक्स ४०५० कार्डवाला घेऊ का, कॉलेजात सगळे तेच सांगायलेत.

शिरोली_नाका:
भावा थांब जरा, पैसे काढू नको अजून. कार्ड गेलं असतं तर पहिली वीस मिनिटं ९० एफपीएस कुठनं मिळाला असता, स्क्रीनवर पट्टे आले असते नाहीतर गेमच बंद पडला असता. तुझं हे वर-खाली वर-खाली म्हणजे गरम व्हायचं लक्षण हाय. प्रोसेसर १०० डिग्रीच्या जवळ गेला की स्वतःला वाचवायला स्पीड पाडतोय, थंड झाला की परत वाढवतोय, म्हणून मिनिटभराचा खेळ चाललाय. एचडब्ल्यूइन्फो नावाचं टेंपरेचर दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतंय, ते मागं चालू ठेवून अर्धा तास खेळ आणि टेंपरेचर आणि क्लॉक म्हणजे प्रोसेसरचा स्पीड, दोन्ही बघ. आणि खरं सांग, खेळताना लॅपटॉप ठेवतोस कुठं? चार्जर लॅपटॉपसोबत आलेलाच हाय ना? माझा भाऊ मधी टाइप सी चा ६५ वॅटचा लावून खेळायचा, त्याला पॉवरच पुरायची नाही आणि आम्ही महिनाभर ड्रायव्हर बदलत बसलोवतो.

रंकाळ्याकाठचा_गडी:
दादा चार्जर ओरिजनलच हाय. ठेवतो गादीवर. आत्ता बघितलो, सीपीयू म्हणजे प्रोसेसर ९८ डिग्री, क्लॉक ४ गिगाहर्ट्झच्या आसपास होता तो १.३ वर आला, त्याच टायमाला एफपीएस पडला. जीपीयू म्हणजे ग्राफिक कार्डाची चिप ८६.

शाहूपुरी_रिपेअर:
मिळालं की मग कारण. मी बारा वर्षं हेच काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. गेमिंग लॅपटॉप हवा खालून ओढतो आणि मागून-बाजूनं सोडतो, गादीवर ठेवला की खालची जाळी बंद. पण नुसती गादी नाही. फॅन आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्या मधे धूळ-केस अडकून नमद्यासारखा थर तयार होतो, बोटानं उचलला तर अखंड कापडासारखा निघतो. फॅन जोरात फिरतोय, आवाज करतोय, पण हवा पलीकडं जातच नाही. बाहेरनं ब्लोअर मारून हा थर निघत नाही, उलट आत घट्ट बसतो, मागचं कव्हर काढावंच लागतं. उद्यमनगर, शिरोली या कारखान्यांच्या भागाकडनं येणाऱ्या लॅपटॉपांत तर लोखंडाची बारीक धूळ असते, ती मी ब्रशनंच काढतो, बोर्डावर उडवत नाही.
काम कुणाकडूनही करून घे, पण समोर बसून. कव्हर काढल्यावर पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढायचा. हवा मारताना फॅनचं पातं काडीनं धरून ठेवायचं, मोकळं फिरू दिलं की बेअरिंग जातंय. दोन वर्षं झालीत तर चिपवरची उष्णता पुढं नेणारी थर्मल पेस्टपण वाळली असणार, हीटसिंक (तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) काढलाच तर नवीन पेस्ट लाव. जीपीयूच्या मेमरीवर पॅड असतात ते फाटू देऊ नको.
दुसरं, रॅम. टास्क मॅनेजरमधे मेमरीवर क्लिक कर, खाली किती स्लॉट वापरात हायत ते लिहिलेलं असतंय. दोनपैकी एकच भरला असेल तर अजून ८ जीबी टाक. एक स्टिक असली की प्रोसेसरला मेमरी एकाच वाटेनं मिळते, दोन टाकल्या की दोन वाटा. व्हॅलोरंटसारख्या गेमला कार्डापेक्षा प्रोसेसर जास्त लागतो, त्यात हा फरक डोळ्याला दिसतो.

इचलकरंजीची_ताई:
नवीन घ्यायची वेळ आलीच तर एक गोष्ट नक्की बघ बाळा, मी न बघता घेतला आणि फसले. नुसतं ४०५० लिहिलंय म्हणून सगळे ४०५० सारखे नसतात. तेच कार्ड कंपन्या ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही पॉवरला बसवतात. मी दिसायला छान, पातळ म्हणून घेतला तो ४५ वॅटचा निघाला, ऑफिसमधल्या मुलाचा जाडजूड बघायला नको वाटणारा ९५ वॅटचा, एकाच गेमला एकाच सेटिंगवर त्याचा माझ्यापेक्षा कितीतरी पुढं पळतो आणि दोघांच्या खोक्यावर नाव तेच. दुकानातला मुलगा वॅट विचारल्यावर गप्पच बसला. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमधे सिस्टिम इन्फर्मेशनला गेलं की जास्तीत जास्त ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते, डेमो पीसवर उघडून बघ, लाजू नको. ४०५० ला ६ जीबी मेमरी आहे, ४०६० ला ८. नवीन मोठे गेम टेक्सचर वाढवले की ६ भरतात, त्यामुळं ऑफरमधे ४०६० बजेटात बसला तर तो घे. रॅम बोर्डावरच चिकटवलेली नसावी, नंतर वाढवता येत नाही.

रंकाळ्याकाठचा_गडी:
मंडळी, काल समोर बसून साफ करून घेतलो, पेस्टसकट ७०० रुपये झाले. दोन्ही फॅनपाशी खरंच तसाच थर होता, करड्या रंगाचा, करंगळीएवढा लांब. आता टेबलावर, मागं दोन डस्टर लावून उचलून ठेवलोय. तासभर जीटीए खेळलो, सीपीयू ८४ च्या वर गेला नाही, एफपीएस ८५ ते ९५. पप्पांना दाखवलो, नवीन लॅपटॉप कॅन्सल. स्लॉट दोनपैकी एकच भरलाय. दुसरी स्टिक त्याच कंपनीची लागते का?

शाहूपुरी_रिपेअर:
कंपनी वेगळी चालते. पण जुन्या स्टिकवर डीडीआर४ हाय का डीडीआर५ (रॅमचे दोन प्रकार) ते वाचूनच घे, तुझा १२४५०एच प्रोसेसर दोन्हीत येतोय आणि खाच वेगळ्या जागी असते, बसणार नाही. स्पीड आहे तेवढाच घे. बॅटरी काढूनच लाव.