कमी उंचीच्या सेडानच्या चेंबरला गार्ड बसवावा का? मदत हवी आहे

नमस्कार,

मी कोल्हापूरच्या फुलेवाडीत राहतो आणि दर रविवारी आई-वडिलांना घेऊन गगनबावडा रस्त्याने गावी जातो. गाडी सात वर्षांची पेट्रोल सेडान आहे. गेल्या पावसाळ्यात कळ्याच्या पुढे, पाण्याने भरलेल्या खड्ड्यातला दगड चेंबरवर, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यावर, आपटला. थोड्याच अंतरावर ऑइलचा लाल दिवा लागला आणि मी जागीच इंजिन बंद केले, म्हणून इंजिन वाचले. पण अ‍ॅल्युमिनियमचा चेंबर चिरला होता. गाडी ओढून न्यायची सोय होईपर्यंत वयस्कर आई-वडिलांना दोन तास भर पावसात रस्त्याकडेला थांबावे लागले, ते मला अजून सलते.

पुस्तिकेत जमिनीपासूनची उंची १६५ मिलिमीटर दिली आहे, पण ती रिकाम्या गाडीची. पाच माणसे बसवून मी स्वतः मोजली, तेव्हा चेंबरखाली जेमतेम १३० भरली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यामुळे त्यावर गाडी हळूहळू चढते आणि उतरते. आमच्या गावच्या वाटेवरचे गतिरोधक मात्र इतके अरुंद आणि उभे आहेत की पुढची चाके उतरल्यावर अख्खा उंचवटा गाडीच्या पोटाखाली येतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पडतात आणि मधला वरंबा सायलेन्सरला घासतो, तो त्रास वेगळाच.

उद्यमनगरात तिघा मेकॅनिकांना विचारले. एकाने ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी गार्ड सुचवला. दुसऱ्याच्या मते त्याने सुमारे दहा किलो वजन वाढेल आणि उरलेली उंचीही घटेल, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा. तिसऱ्याने स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालायला सांगितले. पण त्याने स्प्रिंगची हालचाल अडते, आणि वडिलांच्या कंबरेला ते धक्के सोसणार नाहीत, म्हणून तो पर्याय मी सोडला आहे. अंडरबॉडी कोटिंग केलेले आहे, परंतु ते गंज आणि बारीक खडी यांच्यापुरतेच. दगडापुढे त्याचा उपयोग नाही.

माझी मुख्य शंका गार्डच्या बसवणीबद्दल आहे. पत्रा चेंबरला टेकला तर दगडाचा मार थेट चेंबरलाच बसेल, म्हणून मध्ये किती मोकळी जागा ठेवावी? गार्ड सबफ्रेमच्या (इंजिनखालच्या आधार-चौकटीच्या) मूळ बोल्टांवरच बसतो की नवी भोके पाडावी लागतात? ऑइलचा नट आणि फिल्टर यांच्यासाठी खिडकी ठेवूनही सर्व्हिसिंगच्या वेळी पूर्ण गार्ड उतरवावा लागतो का? आत चिखल साचून गंज चढणे किंवा घाटात इंजिन जास्त तापणे, असा अनुभव कोणाला आला आहे का?

गार्ड बसवून निदान एक पावसाळा अशा रस्त्यांवर काढलेल्या कोल्हापूर, राधानगरी किंवा शाहूवाडीकडच्या सेडानधारकांनी कृपया गार्डचा धातू, जाडी आणि आलेला खर्च सांगावा. जूनच्या आधी काम उरकायचे आहे.